ट्यूनाच्या ट्रिपचे पैसे भरायच्या आधी कॅप्टनशी बोल

पत्र:

"दादा, मी, माझा मोठा भाऊ, एक मित्र आणि बाबा असे चौघं ट्यूना फिशिंगला जायचं म्हणतोय. तळ्यावर, नदीवर, खडकांवरून आम्ही भरपूर गळ टाकलेत पण खोल समुद्रात कोणीच गेलेलं नाही. एक चार्टर बोट सापडलीये, फोटो एकदम भारी, रेट बाकीच्यांपेक्षा बराच कमी, हाफ डे ट्रिप. पण ते म्हणतात दोन दिवसांत पूर्ण पैसे भरा नाहीतर तारीख जाईल. भावाला २०० किलोचा ब्लूफिनच पाहिजे. बाबा ६४ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, आणि मला बसमध्ये मागच्या सीटवर बसलं तरी मळमळतं. बुक करू का? तयारी काय करू?
– चौघांतला धाकटा"

उत्तर:

धाकट्या, पहिलं सांगतो, आज पैसे भरू नकोस. तारीख गेली तर जाऊदे. ज्या बोटवाल्याला तुमच्यातलं कोण पहिल्यांदा येतंय, कोणाचं वय काय, कुठला मासा पाहिजे यातलं काहीच विचारावंसं वाटलं नाही आणि फक्त पैसे कधी येणार एवढंच विचारावंसं वाटलं, त्याच्यासोबत बाबांना घेऊन किनाऱ्यापासून तीस-चाळीस किलोमीटर आत जायचं का, हा खरा प्रश्न आहे. बोट कितीही चकाचक असूदे, तू खरं तर एका माणसाच्या डोक्यावर आणि अनुभवावर पैसे लावतोयस. त्यामुळे बोटीचे फोटो बाजूला ठेव आणि कॅप्टनशी बोल. बुकिंग घेणाऱ्याशी नाही हं, कॅप्टनशीच. बऱ्याचदा फोन उचलणारा मधला माणूस असतो आणि त्यालाही माहीत नसतं की त्या दिवशी बोट कोण चालवणार आहे.

पण फोन करायच्या आधी घरात एक गोष्ट ठरवा, कुठला ट्यूना? कारण ट्यूना हा एक मासा नाही, अख्खं खानदान आहे. स्किपजॅक दोन-चार किलोचाही मिळतो, थवाच्या थवा वर येतो आणि हलक्या रॉडवर जाम मजा देतो. यलोफिन गरम पाण्यातला, दहा किलोपासून पुढे कितीही, रेकॉर्डवरचा सगळ्यात मोठा २०१२ साली मेक्सिकोच्या काबो सान लुकासजवळ पकडलेला, १९३ किलोच्या वर. आणि ब्लूफिन म्हणजे वेगळंच प्रकरण, १९७९ मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियाला पकडलेला ६७९ किलोचा होता आणि तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. भावाची इच्छा मी समजू शकतो, ते व्हिडिओ बघून कोणालाही तसंच वाटेल. पण २०० किलोचा ब्लूफिन लागला तर तासन्‌तास झुंज चालू शकते, आणि ज्यांनी कधी हार्नेस, म्हणजे रॉडचा भार अंगावर घेणारा पट्टा, बांधलेला नाही त्यांनी पहिल्याच ट्रिपला तो मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या वेळी दहा-तीस किलोचा यलोफिन किंवा त्या साईजचा जो ट्यूना तिथे मिळत असेल तो टार्गेट ठेवा. तीस किलोचा ट्यूना सरळ खाली पळत सुटला ना की भावाला कळेलच की हा काही छोटा मासा नाहीये.

मासा ठरला की महिना मासाच ठरवतो. ट्यूना पाण्याचं तापमान आणि खाणं यांच्या मागे हजारो किलोमीटर फिरतात, त्यामुळे एका जागी एका महिन्यात धमाल असते आणि दोन महिन्यांनी तिथेच काहीच नसतं. आपण काय करतो, आधी सुट्टी टाकतो, तिकीट काढतो आणि मग त्या तारखेला बोट शोधतो. उलटं कर. आधी विचार की या जागी माझा मासा सगळ्यात जास्त कधी असतो, मग सुट्टी टाक. आणि सुट्टी टाकताना फिशिंगच्या दिवसाला लागून निदान एक दिवस मोकळा ठेव, जमलं तर दोन. हा मोकळा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस नाहीये, वारा वाढला तर हाच दिवस कामाला येतो.

आता हाफ डे. मी स्वतः हे भोगलंय म्हणून कळकळीने सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक हाफ डे "ट्यूना स्पेशल" घेतली होती, स्वस्तात होती, आणि बोट सुटल्यावर कळलं की ट्यूना मिळतात ते पाणी तर लांब आहे आणि एवढ्या वेळात तिथे जाऊन परत येणं शक्यच नाहीये. मग काय, किनाऱ्याच्या आसपास दोन-अडीच तास लाइनी ओढत फिरलो आणि परत. सोबत माझा एक जुना मित्र होता, त्याने त्या ट्रिपसाठी सहा महिने पैसे साठवले होते, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. साधा हिशोब होता तो, मी आधी केला नाही. तू कर. समज मासे २५ सागरी मैलांवर आहेत, म्हणजे साधारण ४६ किलोमीटर, आणि बोट २० नॉटने, म्हणजे तासाला २० सागरी मैलांनी, पळते. तर जायलाच सव्वा तास, यायला सव्वा तास, पाच तासांच्या ट्रिपमधले अडीच तास इथेच गेले. समुद्र जरा उसळलेला असेल तर बोट २० ने पळतच नाही, बारा-तेरावर येते, मग तर बघायलाच नको. म्हणून फोनवर सरळ विचार, या आठवड्यात ट्यूना किती लांब आहेत, तुमची बोट तिथे किती वेळात पोचते आणि प्रत्यक्ष लाइन पाण्यात किती तास राहणार? जिथे खोल पाणी किनाऱ्याला चिकटून आहे तिथे अर्धा दिवसही पुरतो. बाकी बहुतेक ठिकाणी ट्यूनासाठी फुल डेच लागतो.

आणि तुम्ही चौघं आहात तर अख्खी बोटच घ्या, अनोळखी लोकांसोबत शेअर करू नका. शेअरिंगमध्ये स्वस्त पडतं हे खरं, पण कोणाला उलट्या होताहेत म्हणून बोट लवकर वळवावी लागली तर बाकीच्यांचा दिवस जातो, आणि म्हणून बोट कोणी वळवतच नाही. बाबा सोबत असताना "चला परत" म्हणायचा हक्क तुमच्याकडे पाहिजे. फक्त बोटीला किती प्रवाशांची परवानगी आहे ते विचारून घे. अमेरिकेत उदाहरणार्थ छोट्या चार्टरच्या कॅप्टनना पैसे देणारे सहाच प्रवासी नेता येतात, तिथले लोक त्याला सिक्स-पॅक म्हणतात. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, पण नियम असतो, आणि चांगला कॅप्टन तो आकडा न अडखळता सांगतो.

आता त्या फोनबद्दल. पहिला प्रश्न विचार, मागच्या आठवड्यात काय लागलं? फोटोंवरून हे कळत नाही, फोटो चार वर्षांपूर्वीचेही असतात आणि कधी कधी दुसऱ्याच बोटीवरचे, नीट बघ, मागची रेलिंग, खुर्ची, रंग त्याच बोटीचा आहे का. तर मागच्या आठवड्याचं विचारल्यावर जो म्हणाला की सोमवारी चार लागले, मंगळवारी दोन, बुधवारी दिवसभर फिरलो पण रिकाम्या हाताने आलो, त्याच्यावर माझा लगेच विश्वास बसतो. जो म्हणतो रोज लागतात, गॅरंटी आहे, त्याला मी तिथेच थँक्यू म्हणून फोन ठेवतो. समुद्रातल्या माशाची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही.

मग विचार की मासे कसे पकडता. यावरून दोन गोष्टी कळतात, एक त्याला काम येतं का आणि दुसरं तुम्हाला ते झेपेल का. ट्रोलिंग म्हणजे बोट सहा-आठ नॉटने चालत राहते आणि मागे नकली आमिषं ओढली जातात, नवख्यांसाठी हेच सोपं, मासा बहुतेक वेळा आपोआपच अडकतो, तुम्ही फक्त रॉड हातात घ्यायचा. चंकिंग म्हणजे माशाचे तुकडे पाण्यात सोडत राहायचं आणि त्यातल्याच एका तुकड्यात गळ लपवायचा, यात लाइन हाताने हळूहळू सोडावी लागते म्हणजे गळाचा तुकडा बाकीच्या तुकड्यांच्याच वेगाने खाली जातो, जरा जरी ताण आला की ट्यूनाला लगेच कळतं, नजर फार तीक्ष्ण असते त्यांची. पॉपिंग म्हणजे पक्षी घिरट्या घालताहेत, खाली पाणी उकळल्यासारखं झालंय आणि तुम्ही त्यात मोठं आमिष फेकून झटके देत ओढताय, बघायला सगळ्यात भारी पण अर्ध्या तासात खांदे भरून येतात. जिगिंग, म्हणजे जड धातूचं आमिष खोल सोडून झटके देत वर ओढणं, हेही तसंच दमवणारं. तुमच्यासाठी मी ट्रोलिंग आणि जोडीला जिवंत आमिष असं सुचवेन, भावाला हौस असेल तर पॉपिंगचा एक रॉड सोबत ठेवा म्हणावं. कॅप्टनने हे सगळं शांतपणे समजावून सांगितलं तर समज की बोटीवरही तो शांतच असेल. ओरडणारा कॅप्टन असला ना की मोठ्यात मोठा मासा मिळाला तरी दिवस खराब होतो.

सेफ्टीचे प्रश्न विचारायला लाजू नकोस. लायसन्स आणि इन्शुरन्स आहे का, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का आणि बाबांच्या साईजचं आहे का, व्हीएचएफ रेडिओ चालतो का (चॅनल १६ वर मदत मागतात, हे तुलाही माहीत असूदे), बोट बुडाली तर सॅटेलाइटला सिग्नल पाठवणारं ईपर्ब यंत्र आहे का, लाइफ राफ्ट आहे का, फ्लेअरची (मदतीसाठी पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्यांची) तारीख संपलेली नाही ना, एक इंजिन बंद पडलं तर दुसरं आहे का. मोबाईलवर भरवसा ठेवू नका, एवढ्या आत रेंज नसते. किनाऱ्यावर एकाला सांगून जा की कुठली बोट, कुठल्या दिशेला, किती वाजता परत. या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्या बोटीवर जायचं नाही, विषय संपला.

पैशांचं सगळं लेखी घे, साध्या मेसेजमध्ये चालेल. डिपॉझिट किती, हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, रॉड-आमिष-बर्फ-फिशिंगचं परमिट यातलं काय रेटमध्ये आहे, खलाशाला टीप द्यायची पद्धत आहे का. आणि एक प्रश्न जो कोणी विचारत नाही आणि मग धक्क्यावर भांडणं होतात, मासा कोणाचा? काही बोटींवर पकडलेला सगळा मासा तुमचा, काहींवर अर्धा, काहींवर मोठा मासा बोटीचाच आणि तुम्हाला फक्त थोडं मांस. यात कोणी फसवतंय असं नाही, पद्धत वेगळी असते एवढंच, पण आधी माहीत पाहिजे.

हवामानाचं बघताना सगळे फक्त लाटेची उंची बघतात, तू दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही बघ. दीड मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर बोट सावकाश वर-खाली होते, काही वाटत नाही. तीच दीड मीटर पाच सेकंदांनी आली की हाडं खिळखिळी होतात. आणि अंदाजात दिलेली उंची म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हे, मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, मधूनच एखादी जवळपास दुप्पट येऊ शकते. तरी शेवटचा निर्णय कॅप्टनचाच. तो सकाळी चार वाजता फोन करून म्हणाला आज नको, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, मोकळा दिवस ठेवलाय तो याच्यासाठीच.

तुझं मळमळणं. तुला बोट लागणार असंच धरून चाल. गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नसतो, आदल्या रात्री आणि निघायच्या तासभर आधी घ्यायच्या गोळ्या असतात, कानामागे लावायचा पॅच असतो तो तर काही तास आधी लावावा लागतो, तुझ्या डॉक्टरांना विचारून ठरव. आणि जी गोळी घेणार ती घरी सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन बघ, कारण काही गोळ्यांनी इतकी झोप येते की ट्रिपभर माणूस कोपऱ्यात पेंगतो. रात्री जागरण नको, दारू तर अजिबात नको, सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नको आणि गच्च खाऊनही नको. बोटीवर केबिनमध्ये आत जायचं नाही, मोबाईलमध्ये बघायचं नाही, डिझेलच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर, आणि जागा बोटीच्या मध्यावर किंवा जरा मागे, पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आपटतं.

बाबांचं मात्र अंदाजाने करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दहा तास उन्हात, हलत्या बोटीवर, आणि मध्येच अर्धा तास जोर लावायचं काम. बोट लागण्याच्या गोळ्या बीपीच्या गोळीसोबत चालतात का हेही त्यांनाच विचारा. मला वाटतं डॉक्टर हो म्हणाले तर बाबांनी यावं, नक्की यावं. पण त्यांचा रॉड कुठला असेल ते आधी ठरवून ठेवा, स्किपजॅक किंवा छोटा यलोफिन लागला की तो बाबांचा. मोठा लागला आणि बाबा अर्ध्यात थकले तर रॉड दुसऱ्याने घ्यायचा. रेकॉर्डच्या नियमात दुसऱ्याचा हात लागला की मासा बाद होतो हे खरं, पण तुम्ही रेकॉर्ड करायला निघालेला नाहीत. हे घरीच बोलून ठेव, बोटीवर बाबा ऐकणार नाहीत.

मासा लागल्यावर काय करायचं ते थोडक्यात. गळ गोल सर्कल हुक असेल तर झटका मारायचा नाही, नदीवरची सवय इथे नडते, फक्त रील फिरवत राहा, तो गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. पहिल्या धावेला रील किंचाळेल आणि शेकडो मीटर लाइन जाईल, जाऊदे, ड्रॅगला, म्हणजे रीलच्या ब्रेकला, हात लावू नका, तो कॅप्टनने लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावलेला असतो, घाबरून घट्ट केला की लाइन तुटते. मासा थांबला की रॉड सावकाश वर उचला आणि खाली आणताना रील फिरवा, लाइन कधीच ढिली पडू देऊ नका. जोर पाठीतून लावू नका, पायातून आणि हार्नेसमधून लावा. शेवटी मासा बोटीखाली गोल गोल फिरायला लागतो, तेव्हा तो ज्या वेळी आपल्याकडे वळतो तेवढ्याच वेळात लाइन गुंडाळायची, तो लांब जाताना फक्त धरून ठेवायचं. सगळ्यात जास्त मासे इथेच सुटतात, कारण लोकांना वाटतं आता आलाच.

आणि वर आल्यावरचं काम मासा पकडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ट्यूनाचं शरीर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजीत ते अजून तापतं, म्हणून तो लगेच मारून, रक्त काढून, बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळलेल्या गारेगार पेटीत बुडवावा लागतो. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवला तर तेवढ्या पटकन गार होत नाही. उन्हात डेकवर पडून राहिला, फोटो काढत बसलात, की मांसात हिस्टामिन तयार होतं आणि ते नंतर कितीही शिजवलं किंवा फ्रीझ केलं तरी जात नाही, चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकेदुखी, उलट्या असं सगळं होतं, आणि वासावरून कळतही नाही. एक-दोन फोटो घ्या आणि मासा बर्फात. बोटीवर बर्फ किती असतो हा प्रश्नही त्या फोनमध्येच विचारून टाक.

किती ठेवायचे याचा नियम जागेप्रमाणे, माशाप्रमाणे आणि साईजप्रमाणे बदलतो, ब्लूफिनसाठी तर बऱ्याच ठिकाणी वेगळं परमिट लागतं. हे नियम उगाच नाहीत. अटलांटिकचा ब्लूफिन एके काळी धोक्यात होता, पकडण्यावर कडक कोटा लावला तेव्हा कुठे सावरला आणि २०२१ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्याबाहेर आला. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढूच नका. ट्यूना पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी जाऊन त्याला श्वास मिळतो, म्हणून त्याला बोटीच्या बाजूला धरून तोंड पुढे ठेवून बोट हळूहळू चालवायची, शेपटीला जोर आला की सोडायचा. चौघांना पुरेल एवढा मासा मिळाला की थांबा असं मी मनापासून सांगेन.

बॅगेत फार काही नको. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, हनुवटीखाली दोरी बांधता येईल अशी टोपी, पोलराइज्ड गॉगल, न घसरणारे आणि डेकवर काळे डाग न पाडणारे बूट, हातमोजे, पातळ रेनकोट, भरपूर पाणी, बाबांच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पाकिटांत. महागडे रॉड विकत घेऊ नका, पहिल्या वेळी बोटीवरचेच वापरा. त्याऐवजी घरी महिनाभर पाठीचे आणि पायांचे व्यायाम करा, चौघांनी.

तर आता तीन-चार कॅप्टनना फोन कर, या सध्याच्या बोटवाल्यालाही कर, त्याला आणखी एक संधी द्यायला हरकत नाही. "आम्ही नवखे आहोत, सोबत ६४ वर्षांचे बाबा आहेत, मला बोट लागते" असं पहिल्याच वाक्यात सांग आणि समोरचा त्यावर काय विचारतो ते नीट ऐक. मग मला लिही, कोण काय म्हणालं ते, त्यातला कुठला निवडायचा ते आपण मिळून बघू.